विज्ञानकथाकाराशी नव्या पुस्तकावर गप्पा मारायच्या तर

विज्ञानकथा लिहिणारा माणूस कुठंही भेटला की त्याला तीन प्रश्न ठरलेले असतात. कल्पना कशी सुचली, हे खरंच घडेल का, आणि एआयबद्दल तुम्हाला काय वाटतं. फँटसी लिहिणाऱ्याला तिसऱ्याच्या जागी 'हे लहान मुलांसाठी आहे का हो?' असं विचारतात. लेखक बिचारे उत्तरं देतात, कारण ती पाठच झालेली असतात. ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. पुस्तक न वाचता जो विचारता येतो, तो प्रश्न त्या पुस्तकाबद्दलचा नसतोच.

दिवाळी अंकासाठी, वाचनालयाच्या कार्यक्रमासाठी, कट्ट्यासाठी किंवा स्वतःच्या पॉडकास्टसाठी अशा गप्पा पहिल्यांदाच करायला निघालेल्या ठाण्या-नवी मुंबईतल्या मंडळींसाठी हे लिहितोय. क्रम लावून दिला आहे, पण सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. प्रश्न काढणं आणि शब्दांकन, यांतच खरा घाम निघतो. बाकीचं सवयीनं जमतं.

१. आधी पुस्तक ठरवा, मग लेखक

बहुतेक जण उलटं करतात. मोठं नाव धरतात आणि मग त्यांचं हल्ली काय आलंय ते शोधतात. त्यापेक्षा जे पुस्तक वाचून तुम्हाला कुणाला तरी फोन करावासा वाटला, ते घ्या. पहिल्या-दुसऱ्या पुस्तकाचा लेखक असेल तर आणखी चांगलं. त्याला वेळ असतो आणि त्याची उत्तरं अजून गुळगुळीत झालेली नसतात.

नाव नवं असलं तर बिचकू नका, मोठं असलं तर दिपू नका. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला १९७४ साली 'नारायण विनायक जगताप' या नावानं एक कथा आली आणि तिला बक्षीस मिळालं. नावाची आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर निघतात. खगोलशास्त्रज्ञ म्हणून असलेल्या कीर्तीचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी ती युक्ती केली होती. मुलाखत घेणाऱ्यानंही मुखपृष्ठावरचं नाव झाकूनच वाचावं.

पुस्तक विकत घ्या. प्रकाशक मागितल्यावर अभिप्रायार्थ प्रत देतात, पण फुकट प्रत हातात असली की 'हे प्रकरण मला रटाळ वाटलं' असं म्हणताना जीभ अडखळते. लेखकाची जुनी पुस्तकं मात्र दुकानात मिळतीलच असं नाही. त्यासाठी ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ पासून. आधीचं निदान एक पुस्तक वाचल्याशिवाय नव्या पुस्तकात नवं काय आहे हे कळत नाही.

२. संपर्क

आधी मेसेज, मग फोन. मेसेजमध्ये चार गोष्टी हव्यात: तुम्ही कोण, पुस्तक वाचलंय का, हे कुठं छापलं किंवा ऐकवलं जाणार, आणि किती वेळ लागेल. साधारण असा:

'नमस्कार मॅडम. मी ठाण्याहून अमुक. तुमची कादंबरी परवा वाचून झाली. दुसऱ्या भागात निवेदक बदलतो, त्याबद्दल खूप विचारायचं आहे. अमुक दिवाळी अंकासाठी सव्वा तास गप्पा करता येतील का? रेकॉर्डिंग करेन, शब्दांकन झाल्यावर तुम्हाला दाखवेन.'

'थोडा वेळ हवा होता' असं लिहू नका. थोडा म्हणजे किती, हे लेखकाला कळत नाही आणि तो टाळतो. आणि सगळे प्रश्न आधी पाठवू नका. पाठवलेत तर पुष्कळ लेखक उत्तरं लिहून आणतात आणि वाचून दाखवतात. मग गप्पा कसल्या? तीन विषय कळवा, तेवढं पुरे. दिवाळी अंकाचं काम असेल तर पावसाळा सुरू व्हायच्या आत भेट ठरलेली बरी. त्यामागचं दुसरं कारण पुढं येईलच.

३. दोनदा वाचा

पहिल्यांदा मजेत, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल धरून. या दुसऱ्या वाचनात मी समासात तीनच खुणा करतो: नियम, किंमत, आणि गप्प जागा.

नियम म्हणजे लेखकानं आपल्या जगात कोणती एक गोष्ट बदलली. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागली. ती चाटून गेली असती तर? नारळीकरांनी एवढ्या एकाच 'जर'वर आख्खी कथा उभी केली, आणि त्या गोळीमागं गणिताचा आधारही दिला. चांगल्या विज्ञानकथेत असा एकच खिळा असतो आणि बाकी सगळं त्यावर टांगलेलं असतं. तो कुठं ठोकलाय ते शोधा.

किंमत ही खूण फँटसीत जास्त उपयोगी पडते. जादू आहे ना, मग ती वापरणाऱ्याला काय मोजावं लागतं? मंत्र म्हटल्यावर एखादी आठवण जात असेल, तर आधी कुणाची, कोणती? काहीच मोजावं लागत नसेल, तर कथेतल्या संकटाला अर्थ काय उरला? हे लेखकाला विचारता येतं आणि विचारावंच.

गप्प जागा म्हणजे पुस्तक जिथं बोलत नाही ती. मंगळावर वसाहत आहे, पण तिथं मेलेल्या माणसाचं काय करतात याचा उल्लेख नाही. राज्यात ड्रॅगन आहेत, पण त्यांना खायला कोण घालतं ते कळत नाही. काही वेळा लेखक विसरलेला असतो. काही वेळा त्यानं त्यावर चाळीस पानं लिहून संपादकाच्या सांगण्यावरून काढलेली असतात. दोन्ही उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

आणि हो, विज्ञान तपासा, पण मास्तरकी करायला नव्हे. समजा कथेतली मुलगी मंगळावरून ठाण्यातल्या आजीशी व्हिडिओ कॉलवर भांडते, सवाल-जवाब फटाफट. प्रत्यक्षात प्रकाशाला मंगळावरून इथं पोचायला ग्रह कुठं आहेत त्यानुसार साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. म्हणजे 'आजी, तू ऐकतच नाहीस' याला उत्तर यायला कमीत कमी ६ मिनिटं. हे पकडल्याचा आनंद व्हायचाच, पण 'इथं तुम्ही चुकलात' म्हणून सुरुवात केलीत तर लेखक पुढचा तासभर स्वतःचा बचाव करत बसेल. 'भांडणात उशीर यायला हवा होता, तो तुम्ही काढून टाकलात. का?' असं विचारा. एखादा म्हणेल, माहीत होतं, पण भांडण मेलं असतं. तो निर्णय कसा झाला हे ऐकायलाच तर आपण गेलेलो असतो.

४. प्रश्न काढणं

मराठी विज्ञानकथेत शास्त्रज्ञ आणि इंजिनियर मंडळी पहिल्यापासून भरपूर. नारळीकर खगोलशास्त्रज्ञ, बाळ फोंडके भाभा अणुसंशोधन केंद्रात संशोधन केलेले, सुबोध जावडेकर केमिकल इंजिनियर. त्यामुळं मुलाखत घेणाऱ्याला मोह होतो तो त्यांना शिकवायला लावण्याचा. 'कृष्णविवर म्हणजे नेमकं काय ते आमच्या वाचकांना सोप्या शब्दांत सांगाल का?' अर्धा तास व्याख्यान होतं, उत्तमच होतं, आणि पुस्तक तसंच पिशवीत राहतं. विज्ञान समजावून घ्यायचं काम तुमचं, घरी.

माझी कसोटी अशी: हा प्रश्न जसाच्या तसा दुसऱ्या एखाद्या लेखकाला विचारता येईल का? येत असेल तर खोडा.

उदाहरणासाठी एक पुस्तक मनातल्या मनात रचू. ठाण्याची खाडी कोपरीत शिरली आहे. तळमजले पाण्याखाली. लोक पहिल्या मजल्यावरून होडीत बसून ऐरोलीला कामाला जातात, कारण डेटा सेंटरं तेवढी उंच बांधली होती म्हणून चालू आहेत. आणि सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा अजून गच्चीवर भरते.

यावर सहज सुचणारा प्रश्न: 'हवामानबदलाविषयी तुम्हाला काय वाटतं?' खोडा. त्याहून बरा: 'सेटिंगला ठाणंच का घेतलं?' हाही खोडा, कुणालाही विचारता येतो. आता हे बघा:

'तळमजले बुडाले, पण तळमजलेवाल्यांकडून मेंटेनन्स घ्यायचा की नाही यावर सभेत आठ पानं भांडण आहे. ती आठ पानं तुम्हाला पहिल्यापासून हवी होती?'

'होडीवाले सगळे कोळीवाड्यातले आहेत. सभेत मात्र त्यांच्यातला एकही नाही. हे मुद्दाम?'

'फ्लेमिंगो तिसऱ्या प्रकरणापर्यंत आहेत, नंतर नाहीत. ते गेले कधी ते कुणीच बोलत नाही.'

शेवटच्यात तर प्रश्नचिन्हही नाही. चांगल्या निरीक्षणानंतर गप्प बसलं की लेखक आपणहून बोलायला लागतो. तिन्हींची उत्तरं 'हो' किंवा 'नाही'पाशी थांबत नाहीत, आणि ऐकणाऱ्यानं पुस्तक वाचलं नसलं तरी त्याला चित्र दिसतं. हे दुसरं फार महत्त्वाचं, कारण नव्या पुस्तकाच्या बाबतीत तुमचा बहुतेक श्रोता न वाचलेलाच असतो.

म्हणूनच शेवट फोडायचा नाही. माझा ढोबळ नियम असा की पुस्तकाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातलं मोकळेपणानं बोलावं, पुढचं लेखकाला विचारून. कथासंग्रह असेल तर कोणत्या दोन कथांवर उघड बोलायचं हे आधीच ठरवून टाका. कलाटणीवरच उभ्या असलेल्या कथेला हात लावू नका. पण शेवटाबद्दल बोलायची लेखकालाच खूप इच्छा असते, कारण त्याबद्दल त्याला कुणी विचारतच नाही. तेव्हा रेकॉर्डिंगचा शेवटचा भाग त्यासाठी ठेवा, आणि छापताना 'पुढचा मजकूर पुस्तक वाचून झाल्यावर वाचा' अशी ओळ टाकून तो वेगळा द्या.

पंधरा प्रश्न लिहून न्या. त्यातले सात-आठच होतील, तेवढे पुष्कळ झाले. 'कल्पना कशी सुचली' विचारल्यावाचून राहवत नसेल तर 'सगळ्यात आधी कोणतं पान लिहिलं?' असं विचारा. त्याच गोष्टीचं खरं उत्तर मिळतं.

५. बसायचं कुठं

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बोलता येत नाही. तलावपाळीवर बोलता येतं, पण रेकॉर्डिंगमध्ये लेखकापेक्षा घोडागाडी आणि हॉर्न जास्त येतात. गोखले रोड, राम मारुती रोडवरच्या कॅफेंत गाणी आणि मिक्सर. लेखकाचं घर सगळ्यात बरं, दुपारी अडीच ते साडेचारच्या मधे. त्यातही खोली निवडून घ्या. पावसाळ्यात खिडकीवरच्या पत्र्याच्या शेडवर जून-जुलैचा पाऊस पडायला लागला की फोनला दुसरं काही ऐकूच येत नाही. आधी भेट ठरवा म्हटलं ते यासाठी. पंखा सर्वांत कमी वेगावर, फोन एअरप्लेन मोडवर आणि मऊ कापडावर उपडा, लेखकाच्या हातभर अंतरावर. लाकडी टेबलावर ठेवलात तर चहाचा प्रत्येक कप आपटताना ऐकू येईल. कुकर लावला असेल तर शिट्ट्या होईपर्यंत इकडचं तिकडचं बोला. गणपतीत आणि नवरात्रात टेंभी नाक्याच्या आसपास बसण्याचा विचारही करू नका.

वाशी-नेरूळकडचे लेखक असतील तर ट्रान्स-हार्बरनं तुम्हीच तिकडं जा. सेक्टरांतल्या आतल्या गल्ल्या दुपारी ठाण्यापेक्षा पुष्कळ शांत असतात.

मिनिटभर रेकॉर्ड करून कानाला लावून ऐका, मग सुरुवात करा. सुरू केल्यावर तारीख, जागा, पुस्तकाचं नाव आणि 'रेकॉर्ड करतोय, चालेल ना?' हे मोठ्यानं बोला. लेखकाचा होकारही त्यात येऊ द्या. जमलं तर दुसऱ्या एका फोनवरही रेकॉर्डिंग लावा.

लेखकाला मामलेदारची मिसळ खिलवायची असेल तर ती मुलाखतीनंतर. आधी नेलंत तर पहिली दहा मिनिटं नाक ओढण्यात जातात.

६. बोलताना

पहिला प्रश्न सोपा पण पुस्तकातलाच ठेवा. दुसरा कठीण चालतो. लेखक प्रश्न सोडून भलतीकडे गेला तर जाऊ द्या. कागद आपल्या सोयीसाठी असतो. थांबवायचं फक्त एका बाबतीत, तो पुस्तकाचं कथानक सांगायला लागला तर. 'ते वाचक वाचतीलच सर, मला त्या सभेबद्दल सांगा' म्हटलं की बहुतेक जण हसून वळतात.

गप्प बसायला शिका. उत्तर संपल्यावर मनात चार आकडे मोजा. दुसरं, खरं उत्तर बहुधा त्या चार आकड्यांत येतं.

लेखकानं स्वतः घडवलेली नावं, जागा, यंत्रं यांचं लेखन तिथंच विचारून वहीत लिहून घ्या. 'व्योमसेतू' की 'व्योमसेतु', हे घरी आल्यावर सुटत नाही.

७. स्टेजवर असाल तर

प्रकट मुलाखतीचं तंत्र वेगळं. घरातल्या गप्पांत मिळणारी शांतता सभागृहात अवघडल्यासारखी वाटते, तेव्हा प्रश्न लहान आणि वेग थोडा जास्त हवा. लेखक तुमचा कॉलेजचा दोस्त असला आणि एरवी तुम्ही एकमेकांना अरे-तुरे करत असलात, तरी स्टेजवर अहो-जाहोच. ठाण्यातल्या प्रेक्षकांना दोघांचं खासगी हसणं आवडत नाही. सुरुवातीला लेखकाकडून पुस्तकातलं एखादं पान वाचून घ्या. पाच मिनिटांचं अभिवाचन झालं की न वाचलेले आणि वाचलेले एका पातळीवर येतात. पान मात्र तुम्ही निवडा. लेखक नेहमी फार लांब निवडतात. शेवटी प्रेक्षकांचे प्रश्न घ्यायचे असतील तर चिठ्ठ्यांवर घ्या, नाही तर पहिल्या रांगेतले एखादे काका माईक हातात आल्यावर स्वतःची कथा सांगू लागतात. कार्यक्रमाच्या आयोजकांना आठवण करून द्या की शाल-श्रीफळाबरोबर रिक्षाचे पैसेही द्यायचे असतात.

८. शब्दांकन

इथं नवखे लोक हात टेकतात. तासाभराच्या बोलण्याचे सात-आठ हजार शब्द होतात. दिवाळी अंकाला त्यातले दोन-अडीच हजार लागतात. व्हॉइस टायपिंग मराठी बरं ओळखतं, पण काल्पनिक नावांची वाट लावतं आणि दोघं एकदम बोलले की गोंधळतं. पहिला खर्डा त्याच्याकडून घ्या, पण नंतर आख्खं रेकॉर्डिंग स्वतः ऐका.

बोलणं छापताना किती सोलायचं, हा खरा प्रश्न. आपल्या त्या काल्पनिक कादंबरीचा लेखक असं बोलला समजा:

'नाही म्हणजे काय झालं, की ती सभा जी आहे ना, ती मी आधी, आपलं, एकाच पानात उरकली होती. मग बायको म्हणाली, अरे पाणी आलं म्हणून काय लोक भांडायचे थांबतील का? तर ते, ते मला पटलं.'

अति उत्साही शब्दांकन याचं असं करतं: 'सभेचा प्रसंग प्रारंभी मी संक्षेपाने रेखाटला होता, तथापि पत्नीच्या सूचनेनंतर मानवी स्वभावाचे चिरंतनत्व माझ्या लक्षात आले.' माणूस मेला. हवं ते इतकंच: 'ती सभा मी आधी एका पानात उरकली होती. मग बायको म्हणाली, अरे, पाणी आलं म्हणून काय लोक भांडायचे थांबतील? ते मला पटलं.' अडखळणं गेलं, बोलणं राहिलं. एकही शब्द आपल्या पदरचा घातला नाही. क्रम बदलायला हरकत नाही: चाळिसाव्या मिनिटाचं उत्तर दहाव्याशी जोडायचं असेल तर जोडा, पण एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली कधीही टाकू नका.

प्रश्न-उत्तरं अशीच मांडणी हवी असंही नाही. विज्ञानकथा आणि फँटसीला वाहिलेलं 'लोकस' हे अमेरिकी मासिक १९६८ पासून निघतं. त्यातल्या मुलाखतींत प्रश्न गाळून टाकतात आणि लेखकाचं बोलणं सलग छापतात. लेखक बोलघेवडा असेल तर ही पद्धत झकास. पण तुमचे प्रश्न चांगले जमले असतील आणि लेखक तुटक बोलणारा असेल, तर प्रश्न ठेवा. मला स्वतःला नवोदितांसाठी प्रश्नोत्तरंच बरी वाटतात. सलग मांडणीत शब्दांकन करणाऱ्याचा आवाज लेखकाच्या आवाजात नकळत मिसळतो, आणि तो वेगळा काढायला सरावाचा हात लागतो.

९. छापण्याआधी

मजकूर लेखकाला दाखवा. 'पॅरिस रिव्ह्यू'सारख्या नावाजलेल्या नियतकालिकातही लेखकाला आपल्या मुलाखतीवर हात फिरवू देतात, तिथं आपण कोण? फक्त मुदत द्या, आठ दिवस. काय बदलता येईल तेही सांगा: नावं, सनावळ्या, विज्ञानातले तपशील, कुणाला दुखवणारं वाक्य. 'हे सगळंच जरा साहित्यिक करून देतो' म्हणाले तर नम्रपणे नको म्हणा. एखादा लेखक रागाच्या भरात दुसऱ्या लेखकाबद्दल काही बोलून गेलेला असतो आणि आठवड्यानं ते काढा म्हणतो. काढा. पुस्तकाशी त्याचा संबंध नसतो.

मथळ्यात शेवट फुटत नाही ना ते बघा. हे काम संपादकावर सोडू नका, त्यानं पुस्तक वाचलेलं नसतं. मुखपृष्ठाचा फोटो स्वतः काढण्याऐवजी प्रकाशकाकडून मागवा, तो आनंदानं देतो. पुस्तकातला उतारा छापायचा असेल तर त्याची परवानगी लेखी घ्या, ईमेल चालतो. चौकटीत पुस्तकाचं नाव, प्रकाशन, पानं आणि किंमत द्या; वाचून झाल्यावर दुकानात जाणाऱ्याला तेवढंच लागतं.

अंक आला की लेखकाला दोन प्रती पाठवा, एक प्रकाशकाला. रेकॉर्डिंग पुसू नका. फाइलला पुस्तकाचं नाव आणि तारीख द्या, न छापलेल्या भागातल्या चांगल्या जागांची मिनिटं वहीत लिहून ठेवा. त्याच लेखकाचं पुढचं पुस्तक आलं की पहिले दोन प्रश्न तिथंच सापडतात.